चांगदेवांच्या गावची सिस्टर

मी पुणतांब्याची. दौंड-मनमाड लोहमार्गावर जिथून शिर्डीचा फाटा फुटतो, ते आमचं गाव. शिर्डीला जाणाऱ्यांनी ते खिडकीतून पाहिलेलं असतं, उतरलेलं सहसा कुणी नसतं. गावाच्या नावावर दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक, 1 जून 2017 ला सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप. दुसरी, गोदाकाठची चांगदेवांची समाधी. संपवाल्या गावची असून मला पहिल्या नोकरीत हक्काची साप्ताहिक सुट्टी मागायला तोंड उघडेना, तेव्हा संपावर बोलायचा मला अधिकार नाही. चांगदेवांवर मात्र आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यातच अडकला. चिरंजीव लिहावं तर समोरचा ज्ञानाने थोर, तीर्थरूप लिहावं तर वयाने पोरगा. शेवटी कोराच कागद धाडला. लहानपणी मला याचं भारी हसू यायचं. वाघावर बसणारा माणूस, आणि मायना सुचत नाही!

नर्सिंगचं जी.एन.एम. झालं, परिचर्या परिषदेत नाव नोंदलं, आणि एका तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात ड्यूटीवर उभी राहिले. त्याच दिवशी हसू आटलं. आर.एम.ओ., म्हणजे निवासी डॉक्टर, माझ्याच वयाचा, मिसरूड नुकतं फुटलेलं, त्याला 'सर'. वॉर्डातल्या मावशींना कागदावर कसलंच शिक्षण नाही, पण नुसत्या चेहऱ्यावरून त्या सांगायच्या, कुणाला ताप भरणार. त्यांना मी हुकूम सोडायचा की नमस्कार करायचा? इन्चार्ज सिस्टर, मीही सिस्टर. कुणी हाक मारली की दोघी वळायचो आणि काम मात्र माझ्याकडे यायचं. पेशंटांचा मायना तर वेळेप्रमाणे बदलायचा. सकाळी 'मॅडम', दुपारी 'ओ बाई', रात्री दोन वाजता नुसतं 'ओऽऽ'. सरकारी भाषेत आम्हाला 'अधिपरिचारिका' म्हणतात. तेवढी हाक मारून होईपर्यंत सलाईन संपून नळीत रक्त उलटं चढेल.

पहिली नाइट अजून आठवते. उसाच्या रानात जन्म गेलेले एक बाबा. हातावर शिरा अशा, की नाड्याच म्हणाव्या. मी खूश. पण म्हाताऱ्या माणसाच्या शिरा दिसतात टपोऱ्या, सुई टेकवली की बाजूला सरकतात. एकदा टोचलं, शीर पळाली. दुसऱ्यांदा टोचलं, फुगली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या जावयाने मात्र मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं. माझ्या हाताला कंप. तेवढ्यात मावशी फरशी पुसण्याच्या निमित्ताने जवळ आल्या आणि फडक्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "पोरी, हात खाटेखाली सोडायला सांग. मूठ आवळायला सांग. आन् खालून कातडी ताणून धर." तिसऱ्यांदा सुई बरोबर बसली. जावयाने तेवढंच शूट केलं नाही.

मग थेंब मोजले. 500 मिली 8 तासांत, 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. घड्याळ लावून बसवले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. परत येऊन बघते तर धार लागलेली. जावयाने चाक फिरवलं होतं. का, तर लवकर संपलं की लवकर घरी सोडतील. या मंडळींना सलाईन म्हणजे उसाला दिलेलं पाणी वाटतं. वीज आहे तोवर भरून घ्या.

सकाळी ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवायला, उभी राहिले. रात्रभर बीपी पाहिलं, ताप पाहिला, थेंब तर दोनदा मोजले. इन्चार्ज सिस्टरनी चार्ट उघडला. दोनचा रकाना कोरा, चारचा कोरा, सहाचाही कोराच. "केलंय सगळं, सिस्टर," मी म्हणाले. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाव कुठलं गं तुझं?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "तरीच."

शपथविधीला आमच्या हाती दिवा देतात. नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्या जगाला माहीत. पण क्रिमियाहून परतल्यावर त्यांनी जो सपाटा लावला तो लिहिण्याचा. किती शिपाई जखमांनी गेले आणि किती टाळता येणाऱ्या रोगांनी, याची 1858 साली त्यांनी रंगीत चित्रं काढली. रोगांनी गेलेले कितीतरी जास्त निघाले. आता मला वाटतं, शपथेला दिव्यासोबत बॉलपेनही द्यावं. वॉर्डात दिव्यापेक्षा पेनाचीच चोरी जास्त होते, आणि चोर बहुधा डॉक्टर असतात.

वर्षभराने नोकरी बदलायची ठरवली. पगार थोडा, आणि मूळ प्रमाणपत्रं दवाखान्याच्या कपाटात. राजीनामा लिहायला बसले आणि पुन्हा मायना! 'आदरणीय' लिहावं तर मन मानेना, नुसतं 'सर' लिहावं तर प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. अर्धा तास कागद कोरा. शेवटी आदरणीय लिहिलं. कपाट उघडायला दीड महिना लागला.

मग मनमाडला गाडी बदलून नाशिक. मोठं रुग्णालय, आय.सी.यू., बारा तासांची ड्यूटी. मुलाखतीत विचारलं, व्हेंटिलेटरचा अनुभव आहे का? मी नाही म्हणाले. अनुभव असल्याशिवाय घेत नाही, ते म्हणाले. मग अनुभव कुठे मिळतो? त्याला त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं, म्हणून बहुधा घेतलं.

सुट्टीला गावी गेले की पडवीत ओपीडी भरते. बीपीचं यंत्र बघून शेजारच्या आत्या बाही वर करूनच येतात. सोयरिकी सांगणारे येतात ते वेगळे. "मुलगी नर्स आहे? चालेल की. फक्त नाइट नको." जणू माणसं ऑफिसच्या वेळेतच आजारी पडतात.

परवा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली, नांदूरकडची. सकाळी ओव्हर देताना तिचा चार्ट पाहिला. दोनचा रकाना कोरा. मी तोंड उघडलं, तर माझ्या तोंडून इन्चार्ज सिस्टरच बोलायला लागल्या. ती रडवेली झाली. मग तिला चहाला नेलं आणि मायन्याचं सांगितलं: सगळ्यांना हाक मारायची सोय होईल, आधी मावशींशी गट्टी कर.

तुमच्यासाठीही एक विनंती. कधी दवाखान्यात पडलात आणि नवी पोर दुसऱ्यांदा सुई घेऊन आली, तर हात खाली सोडा, मूठ आवळा, आणि जावयाला म्हणावं, मोबाइल खिशात ठेव.