दाट तेलाचा वाद

विनिपेग, मॅनिटोबा
जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

जावईबापूंनी आमच्या गाडीचा खडखडाट रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून निदानं थांबत नाहीयेत. नानाकाका म्हणतात बेअरिंग गेलं, मामा म्हणतात टायमिंग चेन. मावशीने बॉनेटवरून मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्यात. कामाचं तेवढं तुम्हीच विचारलंत, "आवाज किती वेळ टिकतो?" उत्तर ग्रुपवर दिलं तर पुन्हा परिसंवाद भरेल, म्हणून हे पत्र.

त्या सकाळी उणे ३४ होतं. किल्ली फिरवली की आधी स्टार्टर कण्हतो. बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली आलेली आणि क्रँक घट्ट तेलात रुतलेला, तो बिचारा काय करणार! मग इंजिन धरतं आणि वर टॅपेटची टकटक सुरू होते. ती काही सेकंदांत मिटते. तिच्याखाली मात्र एक बद्द, पोकळ ठोका असतो, तो टेंपरेचरचा काटा हलेपर्यंत रेंगाळतो आणि काटा मधे आला की गप्प. म्हणजे पिस्टन. ॲल्युमिनियमचा असल्याने गारठ्यात तो लोखंडी लायनरपेक्षा जास्त आकसतो आणि तापून फुगेपर्यंत भिंतीवर आपटत राहतो. बेअरिंग गेलं असतं तर तापल्यावर तेल पातळ होऊन ठोका वाढला असता, हे तुमचंच वाक्य मी जावईबापूंना ऐकवलं. नानाकाकांना तुम्ही ऐकवा.

आता वादाचा मुद्दा. "दाट तेल घाल, आवाज बसेल," हा तुमचा सल्ला कराड आगारात सोन्यासारखा असेल, इथे त्याने इंजिनच बसेल. थंडीत खोबरेल थिजलं की आई बाटली उन्हात नेऊन ठेवते ना, तसंच या तेलाचं होतं. फक्त इथलं ऊनही उणे तीसचं. तेलातला मेणाचा अंश गोठून जाळं धरतो. पंप जाळीजवळचं तेवढं ओढून घेतो, भोवतालचं तेल जागचं हलत नाही, आणि मग पंप नुसती हवा गिळत बसतो. वर कॅमशाफ्ट कोरडा.

आणि पंपाने तेल ओढलंच, तर दाबाचा काटा त्याहून लबाड. दाट तेलाने तो उलट जास्तच चढतो, बघणारा खूश! पण आत रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत चेंबरमध्ये पाठवत असतो, फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं तेल पुढे सोडत असतो. दाब भरपूर आणि बेअरिंगला तेल नाही. तुमच्या २०डब्ल्यू-४०मध्ये स्टार्टर इंजिन फिरवू शकेल का हे उणे १५ला तपासतात, आणि पंप ते तेल ओढेल का हे उणे २०ला. इथे उणे १५ला पोरं जॅकेटची चेन उघडी टाकून हिंडतात. आमच्या ०डब्ल्यू-२०ची परीक्षा उणे ३५ला आणि उणे ४०ला होते. "पाण्यासारखं पातळ" म्हणून नाक मुरडू नका. एवढ्या गारठ्यात तेही चांगलं घट्टच असतं.

शिवाय हीटर आहे. इथल्या गाड्यांच्या नाकातून प्लगची वायर लोंबते आणि पार्किंगमध्ये ओळीने सॉकेट असतात. आत कूलंट तापवणारं चारेकशे वॉटचं कॉइल. सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात, ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ साली इंजिन तापवणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. माझ्या मते विमानतळावर त्यांचा फोटो लावून रोज हार घालायला हवा. हीटर रात्रभर चालवावा लागत नाही, टायमर लावून पहाटेचे तीन-चार तास पुरतात. आईला म्हणावं, लाइटबिलाची काळजी करू नकोस.

जावईबापूंनी मात्र परवा प्लग न काढताच गाडी रिव्हर्स घेतली. एक्स्टेंशन कॉर्ड कोपऱ्यापर्यंत वरात काढत आली. शेजारचे युक्रेनी आजोबा खिडकीतून टाळ्या वाजवत होते. नंतर त्यांनीच, इथे प्रत्येकाची अशी मुंज होते म्हणून समजूत काढली. चालू केल्याबरोबर रेस करायची यांची खोडही आजोबांनीच मोडली. तेल पोचलेलं नसताना रेस करणं म्हणजे बेअरिंग घासणं. थोडा वेळ तशीच चालू ठेवायची आणि मग हलक्या पायाने न्यायची. अर्धा तास जागेवर घुरघुरत ठेवली तर न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, ते वेगळंच दुखणं.

तुमची स्क्रूड्रायव्हरची युक्तीही केली, टोक इंजिनला आणि मूठ कानाला. आवाज लख्ख आला. पण त्यासाठी कान टोपीबाहेर काढावा लागतो, बाबा, आणि जावईबापूंचा डावा कान अजून लाल आहे. त्यांच्या ऑफिसात मी कान पिळला अशी बातमी आहे. मी ती खोडून काढलेली नाही.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
छकुली

ता. क. तुम्ही जूनमध्ये येताय, तेव्हा ही गाडी शहाण्यासारखी चालेल आणि तुमची निराशा होईल. ठोका स्वतःच्या कानाने ऐकायचा असेल तर तिकीट बदलून जानेवारीचं करा. कानटोप्या दोन आणा, एक जावईबापूंना.