हाणणारा गडी कसा निवडावा: राजारामपुरी कट्ट्यासाठी मार्गदर्शक सूचना

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही होऊन पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा झाला. खऱ्या क्रिकेट सामन्यातले गडी निवडून संघ बांधायच्या ड्रीम इलेव्हन ॲपने पैशांच्या स्पर्धा गुंडाळल्या आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर दोनशे पानी वही अवतरली. चौकट तीच ठेवली: अकरा गडी, शंभर क्रेडिट, कॅप्टनचे गुण दुप्पट, उपकॅप्टनचे दीडपट. गुणांचा तक्ता मात्र सुटसुटीत केला. धावेला १, चौकाराला वरून १, सिक्सला वरून २, भोपळ्याला उणे २. हरेल त्याने मिसळ घालायची. मिसळ म्हणजे पैसे होतात का, यावर कट्ट्यावरच्या वकिलांनी अद्याप मत दिलेलं नाही. खातात मात्र दरवेळी.

आता मुख्य विषय. अकरात निदान दोन गडी हाणणारे पाहिजेत, याबद्दल पहिल्या गल्लीपासून चौदाव्यापर्यंत दुमत नाही. ते ओळखायचे कसे, यावर मात्र रात्री दुकानांची शटर पडेपर्यंत चर्चा चालते.

आमची परंपरागत पद्धत नजरेची. खासबागेत कुस्त्या बघून तयार झालेला डोळा आधी मांडी बघतो, मग मनगट, मग मान. ख्रिस गेलच्या बाबतीत ही पद्धत बिनचूक ठरते. २३ एप्रिल २०१३ला बंगळुरात त्याने ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा कुटल्या, १३ चौकार आणि १७ सिक्ससकट, आणि वर एक षटक टाकून दोन बळीही घेतले. आमच्या वहीप्रमाणे नुसत्या बॅटिंगचे २२२ गुण. समोर पुण्याचा संघ होता, त्या आनंदाचे गुण वेगळे. पण २८ एप्रिल २०२५ला वैभव सूर्यवंशी नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने ३५ चेंडूंत शतक ठोकलं, ११ सिक्स हाणले, आणि मांडी बघणारे आपापली मांडी चोळत बसले.

तेव्हा मांडी सोडा, बॅटिंगचा नंबर बघा. सहाव्या नंबरवर येणारा गडी कितीही दांडगा असला तरी वीस षटकांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला चेंडू येतात आठ-दहा. त्यात तीन सिक्स बसले तर १८ धावा आणि वरचे ६, म्हणजे २४ गुण. तिकडे सलामीचा गडी एक-एक, दोन-दोन पळत चाळीस करून तुमच्या पुढे गेलेला असतो, आणि त्याचं क्रेडिटही पुष्कळदा कमी लागलेलं असतं. हे गणित मनात ठेवावं. कट्ट्यावर मोठ्याने मांडल्यास ‘काय मर्दा, बँकेत हायस काय?’ असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं.

उत्तर नसतं कारण प्रश्न रास्त आहे. पळून काढलेल्या चाळीस धावांवर आरडता येत नाही. आपल्या वहीतल्या गड्याने चेंडू स्टँडमध्ये भिरकावला की खुर्ची मागे लोटून ‘हाण की भावा!’ म्हणण्याचा हक्क मिळतो, आणि माझ्या मते माणूस क्रेडिट मोजतो ते त्याच हक्कासाठी. गुण हा दुय्यम लाभ.

हाणणारा म्हणून कुणावर कायमचा शिक्काही मारू नये. ऋतुराज गायकवाडला आमच्याकडे ‘नाजूक खेळतोय’ म्हणून बाजूला ठेवायची रीत होती. २८ नोव्हेंबर २०२२ला विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध त्याने एकाच षटकात सात सिक्स मारले. एक चेंडू नो-बॉल होता, म्हणून सात. ते एकोणपन्नासावं षटक होतं आणि गडी सलामीपासून उभा होता. त्या दिवशी नाबाद २२० केल्या. आधी टिकला, मग हाणला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कट्ट्याचा तोच कॅप्टन. असं करू नये. सगळ्यांचे गुण दुप्पट झाले तर मिसळ कुणी घालायची, हा प्रश्न तसाच राहतो.

इतकं झाल्यावर कट्ट्यावरचं एक ज्येष्ठ मंडळ भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव काढतं. काढू द्यावं, कारण ते कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या, आणि मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. विक्रम राहिला. पुढे निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. त्या डावात चौकार ४९ आणि सिक्स फक्त १. आमच्या वहीत ४९४ गुण, कॅप्टन केलं तर ९८८. सामना चार दिवसांचा होता, अशी हरकत कुणी घेतल्यास त्याला चहा सांगायला पाठवावं.

राहता राहिली आपत्कालीन सूचना. तुमचा हाणणारा कॅप्टन पहिल्याच चेंडूवर भोपळा घेऊन परतला, म्हणजे दुपटीने उणे ४, तर घाबरू नये. प्रथम पिचला दोष द्यावा. मग पंचाला. दोन्ही जमत नसेल तर शेजारी बघून कडक आवाजात विचारावं, ‘जागा कुणी बदलली रं?’ कुणीतरी बदललेली असतेच. मिसळ त्याच्या नावावर लिहावी.