रंगवलेल्या तोंडाची रेकॉर्ड

ज्या गावाचं दैवतच काळभैरवनाथ, त्या गावाला 'किस' बँडचे फोटो दाखवून घाबरवता येत नाही. सोनारीत मी हा उद्योग करून पाहिला. चुलतीने मोबाईल लांब धरून जीन सिमन्सला नीट न्याहाळलं. पांढरंफटक तोंड, डोळ्यांभोवती काळं, काखेत वटवाघळाचे पंख, हनुवटीखाली लोंबणारी जीभ.

"कुठल्या देवाला सोडलाय ह्येला?"

"देवाला नाही काकू, हा धंदा आहे. आधी न्यूयॉर्कात मास्तर होता."

"मग पगार येळेवर हुत नसंल."

बँड निघाला 1973 साली. त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या रात्री तोंडातून जाळ काढताना मास्तरांच्या केसांनी पेट घेतला. "फेटा बांधायचा की," काकू म्हणाली. एवढा साधा सल्ला द्यायला अमेरिकेत कुणी नव्हतं.

पण जाळ, रक्ताच्या गुळण्या, उंच टाचांचे बूट हे सगळं तबकडीवर उतरवायचं कसं? त्यांच्या पहिल्या तिन्ही स्टुडिओ रेकॉर्डी बेताच्याच खपल्या. डोळे मिटून ऐकणाऱ्याला काय, चार पोरं दणकून वाजवतायत एवढंच कळणार. मग 1975 च्या सप्टेंबरात 'अलाइव्ह!' आली. गाणी जुनीच, पण गर्दीच्या आरोळ्यांसकट, आणि बँडचं नशीब फळफळलं. पुढे कळलं, की त्यातलं बरंचसं नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त केलेलं. मला त्यात काही गैर वाटत नाही. आमच्या चैत्रातल्या यात्रेचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐका: हलगी पत्र्यासारखी वाजते, रथ कुठे आहे पत्ता नाही, आणि मधेच माकडाने कुणाचा तरी नारळ पळवल्यावर उठलेला "धर, धर त्येला!" हा गलका. पुण्यातली मंडळी तेवढाच तुकडा परत परत लावतात.

18 सप्टेंबर 1978 ला तर चौघांनी एकाच दिवशी चार वेगवेगळ्या रेकॉर्डी काढल्या, बँड न मोडता. एका वाड्यात चार चुली. प्रत्येक वेष्टनावर ज्याचं त्याचं रंगवलेलं तोंड. 1983 साली टीव्हीवर तोंडं धुऊन आले, 1996 ला पुन्हा रंग फासला. धुतलेल्या तोंडांचा फोटो काकूने नुसताच पुढे सरकवला.

शेवटी मी घरचा माल काढला. मुंबईच्या 'डीमॉनिक रिझरेक्शन'ने 2017 मध्ये 'दशावतार' नावाची रेकॉर्ड केली, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी. नरसिंहाचं लावलं. घशातली ती गुरगुर ऐकून काकूने शेंगा फोडणं थांबवलं.

"आवाज बराबर काढलाय."

हुरूप येऊन मी मत्स्यावतार लावला. ती अर्ध्या मिनिटात परत शेंगांकडे वळली.

"मासा कुठं एवढा वरडतोय?"