मा. श्री. १५ बार यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. १५ बार,
मुक्काम : खोक्याची दर्शनी बाजू, उजवा वरचा कोपरा, सोनेरी वर्तुळात.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या घरी एस्प्रेसोचं यंत्र घ्यायचं घाटतं आहे. घाट चिरंजीवांनी घातला आहे, पैसे कोणी घालायचे यावर चर्चा चालू आहे. या चर्चेत शेवटचा शब्द दर वेळी आपला असतो. ‘हे दिसायला बरं आहे.’ ‘किती बार?’ ‘पंधरा.’ ‘मग हरकत नाही.’ साधा कुकर घेतानाही दुकानदारासमोर झाकण दहादा लावून बघणारी आमची मंडळी आपलं नाव ऐकलं की गप्प होतात. तेव्हा म्हटलं, आपल्याशीच बोलावं.

आपली योग्यता थोर आहे, यात वाद नाही. समुद्रकाठी उभ्या माणसावर हवेचा जेवढा दाब असतो, साधारण तेवढा एक बार. आपण त्याच्या पंधरापट. दर्यात दीडशे मीटर खोल उतरलं तर पाणी जेवढं दाबेल, तेवढे. असा खोल पाण्यातला गृहस्थ आमच्या ओट्यावर, मिक्सर आणि मिसळणाचा डबा यांच्या मधल्या वीतभर जागेत राहायला येणार म्हटल्यावर घरच्यांवर दडपण यायचंच.

पण सोयरीक करण्याआधी कूळ विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. ते विचारायला गेलो, तर एस्प्रेसोच्या वंशावळीत आपलं नाव कुठेच सापडेना. मूळ पुरुष तुरीनचे आंजेलो मोरियोंदो. वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट त्यांनी १८८४ साली घेतलं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरांनी एकेका कपापुरती कॉफी काढायची सोय केली. देझिदेरिओ पावोनींनी त्यांचे हक्क विकत घेऊन धंदा वाढवला आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात ते यंत्र लोकांसमोर मांडलं. त्यात दाब होता जेमतेम दीड बार. सगळी मदार वाफेवर, त्यामुळे कॉफी करपट लागायची. तरी लोक काउंटरला टेकून ती उभ्याउभ्या संपवत.

मग आले अकिले गाज्जिया. त्यांचं पहिलं पेटंट १९३८ चं; महायुद्ध संपल्यावर त्यांनी दांडा आणि स्प्रिंगचं यंत्र काढलं. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळते, सोडला की ती गरम पाणी पुडीतून रेटते. दाब आठ-नऊ बारांवर गेला आणि कपात कॉफीवर सोनेरी तपकिरी फेस धरला. असा फेस आधी कोणी पाहिलेला नव्हता. गाज्जियांनी तो कॉफीची साय म्हणून विकला. याला म्हणतात धंदा.

१९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने दांडा ओढायचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. नावातला ‘ई’ त्या साली इटलीत दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिने यंत्राची आशाच सोडली. जिथे ग्रहणात पाण्याचा घोट घेत नाहीत, तिथे ग्रहणाचं नाव लावलेली कॉफी कोण पिणार? पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की दाब तेव्हाही नऊच राहिला. आजही इटलीत एस्प्रेसोचं प्रमाणपत्र देणारी संस्था ७ ग्रॅम पूड, २५ सेकंद, २५ मिलिलीटर आणि ९ बार असंच सांगते. वर एखादा बार इकडेतिकडे चालतो. सहा बार इकडेतिकडे चालत नाही.

मग आपण उपटलात कुठून? घरगुती यंत्रात मुठीत मावेल एवढा पंप असतो. त्यातला दट्ट्या विद्युतचुंबकाच्या जोरावर पुढेमागे होतो, आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला पन्नास वेळा. पहाटे सहाला भिंतीपलीकडच्या काकांना जागं करणारी घरघर ती हीच. या पंपाचं तोंड पूर्ण बंद केलं, पाण्याचा एक थेंब पुढे जाऊ दिला नाही, तर तो जास्तीत जास्त जेवढा जोर लावेल, तो आकडा म्हणजे आपण. म्हणजे कॉफी अजिबात येत नसते तेव्हा आपण पूर्ण तेजात असता. धार सुरू झाली की आपण उतरू लागता. बऱ्यापैकी यंत्रात तर आपल्याला लगाम घालायला एक झडपच बसवलेली असते. दाब नऊ-दहाच्या वर गेला की जादाचं पाणी ती मुकाट टाकीत परत पाठवते. कुकरची शिट्टी दुसरं काय करते? आणि कुकरच्या आतला जादा दाब असतो सुमारे एक बार. तेवढ्यावर तो घरोघर तूरडाळ शिजवतो. खोक्यावर मात्र तो कधी छाती काढून उभा राहिलेला नाही.

शिवाय दाब एकट्या पंपाचा नसतोच. पंप ढकलतो, पण अडवते ती पूड. पूड भरड असली तर पाणी भसकन निघून जातं आणि दाब धरतच नाही. फार बारीक असली तर कॉफी नुसती ठिबकते. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली तर समजायचं की जमलं. हे जमवणाऱ्या वस्तूचं नाव ग्राइंडर, आणि तिचा उल्लेख आपल्या खोक्यावर शोधूनही सापडत नाही. उलट ती नसली तरी चालेल अशी सोय आपण सोबत आणता : दुहेरी तळाची गाळणी. आतल्या तळाला भरपूर भोकं, बाहेरच्या तळाला एकच, सुईच्या टोकाएवढं. पूड कशीही असो, शिळी असो, वर्षभर डब्यात पडून असो, सगळी कॉफी त्या एका भोकातून कोंडून बाहेर पडते आणि फेस येतोच. खरा फेस धरतो तो भाजल्यावर बियांत राहिलेल्या वायूमुळे आणि कॉफीच्या तेलामुळे. इथला फेस हे भोकाचं कर्तृत्व. पाहुणे मात्र दोन्हीला सारखीच मान डोलावतात, आणि आपलं सगळं राज्य त्या मान डोलावण्यावर उभं आहे.

‘मिक्सर आहे ना, त्यात फिरवू,’ ही घरातली दुसरी सूचना. मिक्सरविषयी मला आदर आहे. खोबऱ्याच्या चटणीपासून शेंगदाण्याच्या कुटापर्यंत त्याने आमचा संसार सांभाळला. पण पात्याने बिया फुटतात, दळल्या जात नाहीत. थोडा भुगा होतो, थोडे खडे राहतात. पाणी खड्यांतून पळतं आणि भुग्यात अडकतं, आणि एकाच कपात आंबट आणि कडू असे दोन पक्ष नांदतात. त्याला दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा, चकत्यांतलं अंतर केसभराने कमीजास्त करता येणारा ग्राइंडरच लागतो. जून लागून हवा दमट झाली की काल बसलेलं माप आज बसत नाही, पुन्हा फिरवा. माझं मत असं की यंत्रासाठी बाजूला काढलेल्या रकमेतली निम्मी याच्यावर घालावी. हाताने फिरवायचा ग्राइंडर चालत असेल तर थोडक्यात भागतं. त्यावर आईचं म्हणणं, जातं काढून टाकलं ते हाताने दळायचा कंटाळा आला म्हणून, आणि आता त्याच व्यायामाला पैसे मोजायचे.

बियांबद्दल एवढंच, की पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच घ्याव्यात. नुसतं ‘अमुक महिन्यापर्यंत उत्तम’ म्हणणाऱ्या पाकिटाला काहीतरी लपवायचं असतं. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण सत्तर टक्के रोबस्टा, आणि आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. कोडगूच्या मळ्यांतली रोबस्टा बोटीत बसून तिकडे जाते आणि त्यांच्या मिश्रणात जाडजूड फेस देते. मग एखाद्या मॉलमध्ये इटालियन डबा उघडून आमचे चिरंजीव डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘हा खरा इटलीचा वास!’

आता आमच्या घरची कुंडली मांडतो, म्हणजे आपल्याला स्थळ नाकारायला सोपं जाईल.

आमच्याकडे नुसती एस्प्रेसो कोणीच पीत नाही. चिरंजीवांना ती दुधात लागते. सौ. बाटलीतली झटपट कॉफी पितात आणि त्याबद्दल एक शब्दही ऐकून घेत नाहीत. आईच्या कॉफीत वेलदोडा आणि किसलेलं जायफळ असतं. झोप उडवणारं आणि झोप आणणारं एकाच कपात घालून ती रात्री साडेनऊला शांतपणे पिते. आता दूध. आपल्या नळीतून निघणाऱ्या वाफेने ते फेसाळायचं तर थंडगार लागतं आणि ६०-६५ अंशांवर थांबवावं लागतं. त्यापुढे फेसही बसतो आणि गोडवाही जातो. आमच्या आईच्या हिशेबी ६५ अंशांचं दूध ‘कोमट’ या सदरात मोडतं. कप ओठाला लावून माणूस ‘स्स’ करत नसेल तर कॉफी निवली. त्यातून म्हशीचं तापवलेलं दूध, वर बोटभर साय. ती गाळली नाही तर नळीच्या तोंडाशी जाऊन बसते.

बरं, लहान यंत्रात बॉयलर एकच. कॉफीला पाणी लागतं ९०-९५ अंशांचं, वाफेला त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे कॉफी काढा, थांबा, वाफ येऊ द्या, दूध फेसाळा, पुन्हा थांबा, बॉयलर निवू द्या. संक्रांतीनंतर आमच्याकडे हळदीकुंकू असतं. आठ बायका एकदम आल्या असं समजा. पहिलीचा कप रिकामा होतो, ती तिळगूळ आणि वाण घेऊन उठते, जिना उतरते, रिक्षात बसते, तेव्हा चौथीचं दूध फेसाळत असतं. सातवी उपाशीपोटी आशीर्वाद देऊन जाते. आठवी चहा मागते.

बाकीच्या स्थळांचीही चौकशी केली. पुडक्यातल्या कॅप्सूलचं यंत्र सुटसुटीत आहे, पण ते घेतल्यावर जन्मभर एकाच दुकानाशी लग्न लागतं. बटण दाबलं की दळून, दाबून, दूध घालून देणारं पूर्ण स्वयंचलित यंत्रही पाहिलं; त्याच्या पोटातला भाग वरचेवर काढून धुवायचा असतो, आणि ‘हे कोण धुणार?’ या प्रश्नावर घरात जी शांतता पसरली ती आपण ऐकायला हवी होती. अमेरिकेतले मेव्हणे येताना स्वस्तात घेऊन येतो म्हणाले. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. यंत्राबरोबर यंत्राएवढाच ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवायचा, तर मिसळणाचा डबा हॉलमध्ये न्यावा लागेल. चार-पाच हजारांची वाफेवरची यंत्रंही आहेत, पंप नसलेली. ती १९०६ सालातच थांबली आहेत, पण निदान ३.५ किंवा ५ असा लाजराबुजरा आकडा लावतात.

पाण्याचं तर आपण अक्षर काढत नाही. आमच्या सोसायटीत एक दिवस पालिकेचं, एक दिवस बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जे पांढरे थर चढतात तेच आपल्या बॉयलरमध्ये चढणार, आणि मग ढोकळ्यात घालायचं लिंबूसत्त्व यंत्राला पाजावं लागणार. फार शुद्ध करून आरओचं दिलं तर काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच उमगत नाही.

तर निर्णय असा. घरासाठी दोन मजली पितळी फिल्टर, माटुंग्याहून आणलेली पूड. तिथला दुकानदार ‘चिकोरी किती टक्के?’ असं विचारतो. आपल्यापेक्षा तो प्रश्न अधिक कामाचा आहे. फिल्टरमध्ये दाब शून्य. उकळतं पाणी ओतायचं आणि वर्तमानपत्र उघडायचं. वाचून होतं तोवर खालच्या मजल्यावर आठ जणींना पुरेल एवढा अर्क साचतो. कोणाला फारच इटली हवी असेल तर मोका पॉट. आल्फोन्सो बियालेत्तींनी तो १९३३ साली काढला, बिचारा एक-दोन बारांत काम उरकतो. अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, एवढं बघून घ्यावं. चिरंजीवांना यंत्र हवंच असेल तर त्यांनी स्वतःच्या पगारातून घ्यावं : आधी ग्राइंडर, मग झडप नऊवर बसवलेलं, एकेरी तळाच्या गाळणीचं साधं यंत्र. त्यांचा हात बसायला वेळ लागेल, साखर जास्त लागेल, पण तो छंद खरा असेल.

आपल्याला विनंती इतकीच की ते सोनेरी वर्तुळ रिकामं करावं. त्या जागी झडप किती बारांवर उघडते ते छापावं, गाळणी कोणती ते छापावं, आणि दाबाने झिजलेला रबरी वॉशर बदलून देणारा माणूस कोल्हापूर, नाशिक, अकोला यांपैकी कुठे भेटेल, की त्यासाठी यंत्र खोक्यात घालून परगावी धाडायचं, तेही छापावं. जागा उरली तर टाकी काढायला वर किती मोकळी उंची लागते ते लिहावं. आमच्या ओट्यावर कपाट खाली आलेलं आहे.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.

आपला,
एक फिल्टरधारक

ता. क. – शेजारच्या दुकानात आपले थोरले बंधू श्री. २० बार यांचं आगमन झाल्याचं समजलं. त्यांना वेगळं पत्र लिहीत नाही. हेच वाचून दाखवावं. नऊनंतर त्यांचंही पाणी टाकीतच परत जातं.