काचपंथी

अमेरिकेत मासे धरणाऱ्यांच्या अनेक जाती आहेत. मोटरबोटीतून तळं पालथं घालणारे आहेत, भर समुद्रात मार्लिनशी झुंजणारे आहेत, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्या भोकाकडे तासन् तास बघत बसणारेही आहेत. यांतल्या कुणालाही हातातली काठी केवढ्याला पडली म्हणून विचारलं, तर तो आकडा दबक्या आवाजात सांगतो; बायको ऐकण्याच्या टप्प्यात असेल तर सांगतच नाही. किंमत विचारायच्या आधीच सांगून टाकणारी जात एकच. "आठ डॉलर," तो म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडायची वाट बघतो. हा काचपंथी.

त्याची काठी फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या तंतूंची. तिचं वय साधारण त्याच्याइतकंच, पन्नाशीच्या पुढे. रंग पिवळा, तपकिरी किंवा कधी काळी पांढरा असलेला. मुठीचं बूच कुणा अनोळखी माणसाच्या तळहाताने काळं पडलेलं. ही काठी हातात धरून नुसती हलवली तर तिचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे जातं, आणि आपण दुसऱ्या विषयावर बोलायला लागलो तरी ते अजून ठरवतच असतं. ज्याने आयुष्यभर कार्बनच्या ताठ काठ्या वापरल्या, त्याला वाटतं ही मोडली आहे. काचपंथी मात्र डोळे मिटतो.

या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात, आणि त्यात काठीला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. आपल्याकडे कोकणात खाडीवर गरवायला बसलेला माणूस दोरीला शिसं बांधतो; शिशाच्या वजनाने गरी लांब जाते. इथे गळाला आमिष नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली एक खोटी माशी असते, आणि तिला वजन म्हणावं असं काही नसतं. मग वजन दोराला द्यायचं. पाच नंबरच्या दोराचे पहिले तीस फूट सुमारे नऊ ग्रॅम भरतात. हा दोर मागे हवेत उडवायचा, तो सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. दोराच्या ओढीने काठी वाकते, सरळ होते आणि माशीला पाण्यावर नेऊन ठेवते. ताठ काठी हे काम चटकन उरकते. काचेची काठी विचार करून करते. काचपंथी दोर मागे टाकतो आणि थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, विसरला. त्याला विचारलं तर तो म्हणतो, याच थांबण्यासाठी तर इथे आलो.

त्याला इतिहास मुखोद्गत असतो, आणि तो ऐकवल्याशिवाय तो कुणाला सोडत नाही. सुरुवात बांबूपासून होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कारागीर आपल्या कलकत्त्याहून गेलेला बांबू वापरत आणि त्याला कलकत्ता केनच म्हणत. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या टाँकिन बांबूने त्याला मागे टाकलं. त्याच्या सहा तिकोनी पट्ट्या तासायच्या, एकमेकींना चिकटवायच्या आणि षट्कोनी काठी करायची. सुंदर काम, पण वेळखाऊ आणि महाग. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर हॉवल्ड नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं. दुसरा कुणी असता तर नवं टोक विकत घेतलं असतं. हॉवल्ड प्लॅस्टिकच्या धंद्यातला. त्याने काचतंतू आणि रेझिन घेऊन टोक स्वतःच केलं. त्यातून १९४७च्या सुमारास शेक्सपिअर कंपनीची वंडररॉड बाजारात आली. या कंपनीच्या संस्थापकाचं नाव खरोखरच विल्यम शेक्सपिअर होतं, पण हा मिशिगनमधल्या कॅलमझूचा, आणि त्याने नाटकांऐवजी रिळं केली. पुढे १९५०च्या डिसेंबरात कोरियन युद्धापायी अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि टाँकिन बांबू यायचाच थांबला. काचेला रान मोकळं झालं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं काचेची. सिअर्सच्या दुकानात बेसबॉलवीर टेड विल्यम्सच्या नावाने काठ्या मिळत. डेन्व्हरच्या राइट अँड मॅकगिल कंपनीची पिवळीधमक ईगल क्लॉ फेदरलाइट हार्डवेअरच्या दुकानात कुदळी-फावड्यांशेजारी उभी असे. फेनविक कंपनीत जिम ग्रीन या दोरफेकीतल्या विजेत्याने धातूचा सांधा काढून काचेत काच बसणारा सांधा आणला. आणि मग त्याच फेनविकने १९७३मध्ये ग्रॅफाइटची, म्हणजे कार्बनतंतूंची काठी काढली. काचपंथी इथे आवाज खाली आणतो. घरभेद्याची गोष्ट सांगताना आणतात तसा.

हिशेब सरळ होता. वजनाच्या मानाने पाहिलं तर कार्बनतंतू काचतंतूपेक्षा चौपटीहून अधिक ताठ. म्हणजे काठी हलकी, बारीक, लांब फेकणारी. दहा-बारा वर्षांत फ्लायवाल्यांनी काच टाकून दिली. लाखो काठ्या माळ्यावर, गॅरेजच्या आढ्यावर, बॉयलरमागच्या कोपऱ्यात गेल्या. मालक म्हातारे झाले, घरं विकायला निघाली, आणि त्या काठ्या गॅरेज सेलच्या टेबलावर आल्या. एकूण काय, काचपंथीयांच्या धर्माचा पाया दुसऱ्यांच्या अडगळीवर उभा आहे. आठ डॉलर त्यामुळेच.

शनिवारी सकाळी सात वाजता तो निघतो. सराव असा की गाडी रस्त्यावरून चालवतानाच टेबलाखाली काय आहे ते त्याला दिसतं. काठी दिसली तरी तो तिच्याकडे जात नाही. आधी टोस्टर बघतो. टोस्टर चालतो का, असं विचारतो. मग एक कपबशी उचलून ठेवतो. मग सहज, जाता जाता, काठी हातात घेतो आणि दोन्ही तुकडे शेजारी धरून बघतो. ते सारख्या लांबीचे हवेत. टोकाचा तुकडा बोटभर कमी भरला तर कधीतरी गाडीच्या दारात सापडून ते टोक गेलेलं असतं. मग मुठीवरची झिजलेली अक्षरं वाचतो. एफएफ ७५६ दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो: फेनविक, साडेसात फूट, सहा नंबरचा दोर. चेहऱ्यावर काही नाही. "पोराला खेळायला हवी होती," तो म्हणतो. पोरगा तिशीचा आहे, दुसऱ्या राज्यात राहतो आणि त्याला माशांची ॲलर्जी आहे.

कधी काठी जोडलेलीच मिळते, आणि घरी आल्यावर कळतं की सांधा गच्च बसला आहे. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी जोडली आणि मग काढलीच नाही. यावर पंथात एक मान्यताप्राप्त उपाय आहे. गुडघे वाकवून बसकण मारायची, काठी गुडघ्यांच्या मागून आडवी घ्यायची, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातांनी पकडायचं आणि गुडघे बाहेर फाकवायचे. हात सरळ ठेवले की ताकद पायांची लागते आणि काठी पिळली जात नाही. उपाय खरोखर चालतो, फक्त दिसायला भयंकर आहे. शेजाऱ्यांनी खिडकीतून हे पाहिलं की ते पडदा ओढून घेतात. दुसरा संस्कार त्याहून जुना: धातूचा सांधा जोडण्यापूर्वी त्याचं टोक नाकाच्या कडेला घासायचं. नाकपुडीशेजारी जे तेल असतं तेवढंच त्याला पुरतं. काचेच्या सांध्याला मात्र नाक चालत नाही, मेणबत्ती लागते. नवशिक्या फेनविकच्या काही सांध्यांत दोन तुकड्यांमध्ये फट बघून काठी परत करायला जातो. ती फट मुद्दामच ठेवलेली असते, झीज झाली की दोन्ही तुकडे आणखी आत बसावेत म्हणून. अशा परत आलेल्या काठ्या कुठे मिळतात हेही काचपंथीयाला ठाऊक असतं.

नदी निवडताना तो मोठ्या नद्यांच्या वाटेला जात नाही. माँटानातल्या मॅडिसनवर वारा सुटला की काचेच्या काठीचा दोर मालकाच्याच टोपीत परत येतो. हे त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. तो त्याला वाऱ्याचा दोष म्हणतो. त्याचं खरं गाव म्हणजे नकाशावरच्या बारीक निळ्या रेघा, ज्यांना धड नाव नसतं. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरातले ओढे, स्मोकी पर्वतातले झरे. तिथे ब्रुक ट्राउट असतो: पाठीवर नागमोडी नक्षी, परांना पांढरी किनार, लांबी वीतभर. या वीतभर माशाची थोरवी थोडीथोडकी नाही. हर्बर्ट हूवर १९२९मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी सुट्टीच्या जागेसाठी अटी घातल्या होत्या: वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, डास नकोत म्हणून अडीच हजार फुटांच्या वर, आणि जवळ ट्राउट हवेत. रॅपिडन नदीच्या उगमाशी त्यांनी तळ उभारला. तो आजही शेननडोआ राष्ट्रीय उद्यानात आहे. पुढे शेअरबाजार कोसळला, मंदी आली, पण अध्यक्षांचे ट्राउट जागेवर होते.

अशा ओढ्यात वीस-पंचवीस फुटांच्या पलीकडे फेकायला जागाच नसते. वर झाडं, मागे झुडपं, पुढे खडक. इथे ताठ काठी म्हणजे नुसता तोरा. एवढ्याशा दोराने ती वाकतही नाही. काचेची काठी नुसत्या पंधरा फूट दोराने कमानीसारखी होते. शिवाय माशीच्या वरचा धागा केसाएवढा. मोठ्या माशाने झटका दिला की ताठ काठीवर तो तुटतो; ढिली काठी झटका पोटात घेते. तेव्हा आवड निव्वळ भावनेची नाही, तिला यंत्रशास्त्राचा आधार आहे. काचपंथी हा आधार संधी मिळेल तिथे सांगतो आणि संधी नसेल तिथे तयार करतो.

त्याला एकाच माणसाचं नाव काढलेलं आवडत नाही. ली वुल्फ, अमेरिकेतला दिग्गज मच्छीमार. काठीला फार महत्त्व नाही हे दाखवायला या गृहस्थाने एकदा काठी बाजूला ठेवून नुसत्या हाताने दोर फेकला आणि नुसतं रीळ हातात धरून सामन काढून दाखवला. काचपंथी हे ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बरोबर. पण त्या दिवशी त्यांना मजा आली असेल का?"

एवढं सगळं ठीक होतं, तोच बाजाराने त्याला गाठलं. त्याच्यासारखे बरेच झाले आणि अडगळीला भाव आला. पॅसडिनाच्या रस पीक या कारागिराने केलेल्या काचेच्या काठ्या आता शेकड्यांनी डॉलर मागतात, चांगल्या स्थितीतल्या फेनविकही त्याच वाटेवर आहेत. गॅरेज सेलवाल्या आजीबाई फोनवर किंमत बघून चिठ्ठी लावतात. १८५६ साली स्थापन झालेल्या ऑर्व्हिससारख्या मातब्बर घराण्याने काचेच्या नव्या काठ्या काढल्या. रेडिंग्टनने तर आपल्या काचेच्या काठीचं नाव बटर स्टिक ठेवलं. मऊपणा, जो ऐंशीच्या दशकात काठीचा दोष होता, तो आता जाहिरातीत पहिल्या ओळीत असतो. काचपंथीयाला याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं. नवी काठी त्याने दुकानात हलवून पाहिली, छान होती, आणि तेच त्याला खटकलं. अडीचशे डॉलर देऊन स्वस्ताईचा आनंद मिळत नाही, एवढा हिशेब त्याला येतो. त्याने तीस डॉलरच्या आसपास मिळणारी नवी पिवळी फेदरलाइट घेतली, उन्हात ठेवली आणि ती जुनी दिसण्याची वाट बघू लागला.

घरातला प्रश्न वेगळा. इतर मच्छीमार बायकोला काठीची किंमत खोटी सांगतात. हा किंमत अगदी खरी सांगतो, फक्त संख्या सांगत नाही. आठ डॉलरची एक काठी घरात आली तर कुणाची तक्रार नसते. दर शनिवारी आठ डॉलरची एक काठी येत राहिली की तळघरात जिन्याखाली जंगल उगवतं. गुणाकार केला तर त्या पैशांत हजार डॉलरची कार्बनची उत्तम काठी आली असती, वर पेट्रोलही सुटलं असतं. बायकोने हा गुणाकार केला आहे. ती बोलत नाही, कारण तिच्याकडे टोस्टर चार झाले आहेत.

त्याचा एक मित्र कार्बनवाला. दोघे एकाच ओढ्यावर जातात, एक वरून खाली येतो, दुसरा खालून वर जातो. संध्याकाळी गाडीपाशी भेटतात. मित्राने चौदा इंची, बारा इंची, पुन्हा चौदा इंची असे मासे मोजून सोडलेले असतात. त्याच्या जाळ्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा आहेत.

"आणि तुझा केवढा?" मित्र विचारतो.

काचपंथीयाच्या जाळ्यावर खुणा नाहीत. तो काठीचे दोन तुकडे सोडवतो, सांधा शर्टाच्या टोकाने पुसतो आणि डाव्या हाताचं बोट मुठीच्या वरच्या कडेवर, जिथे काळं बूच संपतं तिथे, ठेवून दाखवतो.

"इथपर्यंत वाकवली."