अढळपद

ज्याच्या बापाच्या मेंढरांना माणच्या माळावर चारा मिळत नाही, त्याच्या हाती निदान हुन्नर तरी यावा, या उदात्त हेतूने 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आणि त्या हुन्नरास उत्तेजन म्हणून पात्र प्रशिक्षणार्थ्यास दरमहा 40 रुपये विद्यावेतन देण्याचा परिपाठ महाराष्ट्र सरकारने इतक्या निष्ठेने पाळला, की चहा महागला, एसटी महागली, आमदारांचे भत्ते वाढले, तरी हा आकडा मात्र कित्येक वर्षे ध्रुवासारखा अढळ राहिला. 2023 साली तो एकदम 500 झाला.

माणदेशातील याच योजनेच्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत (नाव सांगून कुणाच्या बदलीचे पाप घेत नाही) मी लेथ पाहिला. त्यावर गोणपाट होते. खाली चक तेलपाणी करून लखलखीत ठेवलेला, कारण डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद असून तपासणीस साहेबांस तो दिसणे इष्ट होते. शेजारी शिल्पनिदेशक फळ्यावर खडूने दुसरा लेथ काढीत होते.

“सर, ह्यो चालू कधी व्हायचा?” एका पोराने विचारले.

“मोटार जळालीय बाळ. रिवाइंडिंगचा प्रस्ताव वर गेलाय.”

प्रस्ताव ज्यांच्या मेजावर निजला असेल, त्यांचे चिरंजीव बहुधा पुण्यात, खाजगी महाविद्यालयात, यंत्रमानव हालवीत असतील. भिंतीपलीकडे वीजतंत्रीची तुकडी त्याच सकाळी मोटारीचे रिवाइंडिंग शिकत होती. तेही अर्थात फळ्यावर, कारण सरकारी मोटारीस मंजुरीवाचून हात लावणे हा गुन्हा, आणि दुसरी मोटार संस्थेत नव्हती.