फक्कीच्या रेषेवरचा माणूस

सोमवारचा उपास करणारी माणसं आपल्याला नवी नाहीत. घरटी एखादं सापडतंच. कुणी महादेवासाठी करतं, कुणी वजनासाठी, आणि कुणी मनातल्या मनात साबुदाण्याच्या खिचडीसाठी. पण इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या गावी, कपबशा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या धुरात लहानाचा मोठा झालेला एक फुटबॉलपटू वर्षानुवर्षं सोमवारी काही न खाता राहायचा, हे वाचलं तेव्हा तो माणूस मला एकदम ओळखीचा वाटू लागला. त्याचं नाव स्टॅन्ली मॅथ्यूज. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. फावल्या वेळात ते मुष्टियुद्ध खेळत, आणि मुलाला पहाटे उघड्या खिडकीशी उभं करून दीर्घ श्वास घ्यायला लावत. मुलानं पुढं मांस सोडलं, दारूला तो शिवला नाही, गाजराचा रस प्यायला आणि सोमवार धरला. त्याला कुठला देव प्रसन्न करून घ्यायचा नव्हता, पाय हलके ठेवायचे होते, इतकंच. वाटीभर वरईचाही आधार नसलेला हा उपास आपल्या दृष्टीनं जरा निर्दयच. पण फळला म्हणायचा. 1932 साली सतराव्या वर्षी स्टोक सिटीकडून पहिला सामना खेळलेला हा मुलगा इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातला आपला शेवटचा सामना खेळला तो 6 फेब्रुवारी 1965 रोजी. त्या दिवशी त्याला पन्नास वर्षं पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. आपल्याकडे या वयाला माणसं गुडघ्याला तेल लावून उन्हात बसायला लागतात.

तो विंगर होता, उजव्या बगलेतला. जुन्या काळचा विंगर म्हणजे मैदानाचा काठावरचा रहिवासी. फुटबॉलमधलं जे काही घडतं ते बहुतेक मध्यभागी घडतं. टकरी तिथं, रेफ्रीशी हुज्जत तिथं, गोल झाल्यावरच्या मिठ्याही तिथंच. आणि हा आपला फक्कीच्या पांढऱ्या रेषेला बूट लावून एकटा उभा, स्टेशनवर आगगाडीच्या आधी तासभर येऊन पोचलेल्या माणसासारखा. नव्वद मिनिटांतली बहुतेक मिनिटं त्याच्याजवळ चेंडू नसतोच. त्याचा खरा शेजार मैदानाबाहेरच्यांशी: खोकणारे, शेंगदाणे खाणारे, त्याच्या पोटऱ्यांवर शेरे मारणारे लोक त्याच्यापासून चार हातांवर. आपल्या संघातल्या माणसापेक्षा तिकीट काढून आलेला माणूसच त्याला जास्त जवळ. असल्या जागेवर तेहेतीस वर्षं नोकरी करायची म्हणजे पायांपेक्षा स्वभावाचीच कसोटी.

आमच्या शाळेत पावसाळा लागला की फुटबॉल निघायचा. सर संघ पाडायचे. आडदांड पोरं बचावाला, घरचे बूट असलेली पोरं पुढं, जाड्या गोलात. सगळी वाटणी झाल्यावर एक किडकिडीत पोरगं उरायचं. ‘तू जा रे, तिकडे कडेला उभा राहा,’ असं सर म्हणायचे, आणि वर्गात गृहपाठ न केलेल्यालाही ते अगदी याच सुरात हेच सांगायचे, त्यामुळे ही जागा आहे की शिक्षा, हे त्या पोराला अखेरपर्यंत कळायचं नाही. कडेला तळं साचलेलं असायचं. पोरगं त्यातले बेडूक मोजायचं, कुंपणापलीकडच्या शेळीशी दोस्ती करायचं. आणि मग कधीतरी, चुकून, कुणाच्या तरी घोट्याला लागून चेंडू एकदम त्याच्याकडे यायचा. क्षणात सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडायला लागायचं. इतका वेळ विसरलेल्या माणसाकडून एकदम एवढी अपेक्षा मी पुढं फक्त लग्नघरातल्या थोरल्या काकांकडूनच होताना पाहिली.

मॅथ्यूजकडे चेंडू आला की तो काय करणार, हे अख्ख्या इंग्लंडला ठाऊक होतं. तो समोरच्या लेफ्ट-बॅककडे सावकाश जायचा. इतका सावकाश, की जवळजवळ थांबायचाच. चेंडू उजव्या पायाला चिकटलेला. मग डावा खांदा किंचित खाली, कंबर डावीकडे कललेली, आता हा आत मैदानात शिरणार असा सगळ्या अंगाचा पुकारा. लेफ्ट-बॅकचं वजन त्या बाजूच्या पायावर गेलं, की त्याच निमिषाला बुटाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू उजवीकडे, रेषेलगत, आणि पुढची पाच-सात पावलं अशी, की मागं उरलेला माणूस नुसता वारा धरत राहावा. मग गोलरेषेपाशी जाऊन मधल्या गड्यांकडे क्रॉस. झालं. पुन्हा चेंडू आला, पुन्हा तेच. आपल्या कबड्डीतल्या चढाईवीराकडे निदान चार हुलकावण्या असतात. याच्याकडे एकच, आणि तीही उघड्यावर मांडलेली.

गंमत अशी, की लेफ्ट-बॅकलाही ती ठाऊक असायची. आठवडाभर त्याला तेच पढवलेलं असायचं: तो डावीकडे झुकेल, भुलू नकोस, तो उजवीकडेच जाणार. बिचारा शनिवारी मान डोलावून मैदानात उतरायचा आणि भुलायचा. कारण ठाऊक असतं ते डोक्याला, आणि वजन असतं पायांवर. डोकं सांगतंय, हे खोटं आहे. पण समोर एक माणूस इतक्या मनापासून डावीकडे निघालेला असताना आपल्या पायांनी त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे पायांना पटत नाही. पायांचा स्वभाव भोळा. मला नेहमी वाटतं, फुटबॉलच्या इतिहासात विंगरांवर पुष्कळ लिहून झालं, आता कुणीतरी लेफ्ट-बॅकांवर करुणरसात काहीतरी लिहायला हवं.

त्या लिखाणाचा नायक मी सुचवतो: ब्राझीलचा निल्टन सँतोस. लेफ्ट-बॅकांमधला थोर माणूस, दोन विश्वचषक जिंकलेला. 1953 साली रिओच्या बोटाफोगो क्लबात एक वाकड्या पायांचा, कापडगिरणीत काम करणारा तरुण चाचणीसाठी आला. एक पाय आत वळलेला, एक बाहेर, आणि दोन्हींची लांबीही वेगळी. त्याला सँतोसच्या समोर उभं केलं. त्या पोरानं भर मैदानात सँतोसच्या दोन पायांमधून चेंडू काढला. तो गारिंचा. अशी आख्यायिका आहे, की सँतोसनं त्याच दिवशी क्लबाला सांगितलं, याला आत्ताच्या आत्ता घेऊन टाका, म्हणजे मला याच्याविरुद्ध खेळावं लागणार नाही. शहाणा माणूस. पण नशिबाला उजव्या बगलेचा काही तोटा नसतो. तीन वर्षांनी, मे 1956 मध्ये, ब्राझीलचा संघ लंडनला वेम्बलीवर आला, आणि सँतोसच्या समोर कोण, तर एक्केचाळीस वर्षांचा, कपाळ मागं सरकलेला मॅथ्यूज. इंग्लंडनं 4-2 असा सामना जिंकला, आणि म्हाताऱ्यानं त्या दुपारी सँतोसला पुरतं दमवलं. गारिंचाचीही युक्ती तीच होती, उजवीकडेच निसटायचं. एका युक्तीनं एका माणसाला अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाठावं, हे जरा जास्तच झालं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एका फुटबॉल मासिकानं युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पहिलावहिला सोन्याचा चेंडू दिला, तो मॅथ्यूजला. दुसरा आलेला दी स्टेफानो त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान होता.

मॅथ्यूजचं वय ही तशी इंग्लंडची जुनी चिंता. 1938 साली तेविसाव्या वर्षी त्यानं स्टोक सोडायची परवानगी मागितली, तेव्हा गावात निषेधाची सभा भरली. सभागृहात तीन हजारांवर माणसं, बाहेर आणखी हजारभर, आणि हातात ‘मॅथ्यूज जाता कामा नये’ असे फलक. कपबशीवाले कारखानदारही हवालदिल झाले होते, कारण कामगारांचं लक्ष चाकावर लागेना. विंगर जाणार म्हणून बशा वाकड्या निघू लागल्या असतील, तर त्या काळातली एखादी बशी मला घरात ठेवायला आवडेल. तो राहिला. मग महायुद्ध आलं, आणि उमेदीची सहा वर्षं हवाई दलाच्या गणवेशात गेली. 1947 मध्ये ब्लॅकपूलनं त्याला 11,500 पौंडांना घेतलं, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ‘अजून दोनेक वर्षं निघतील का?’ असं तिथल्या व्यवस्थापकानं विचारल्याचं सांगतात. निघाली चौदा. रोज सकाळी तो समुद्रकाठच्या वाळूत पळायचा. समुद्राला भरती-ओहोटी यायची, ब्लॅकपूलच्या संघालाही यायची, हा मात्र त्याच वेळी त्याच वाळूत.

पैसा म्हणाल तर बेताचाच. 1961 पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, अगदी शेवटी आठवड्याला 20 पौंड. ज्याला बघायला गावं रिकामी होत, त्याचा पगार मागच्या पोरासोरांच्या बरोबरीनं. त्यामुळे वरकमाईसाठी जाहिराती आल्या. त्यात एक सिगारेटची होती, क्रेव्हन ए. सोमवारी अन्न न खाणारा, गाजराचा रस पिणारा, स्वतः सिगारेट न ओढणारा हा सात्त्विक माणूस कागदावरून लोकांना धुराची शिफारस करायचा. लेफ्ट-बॅकांना डावीकडे झुकून फसवलं ते एक वेळ सोडून देऊ, पण ही हुलकावणी मात्र मला अजून पचलेली नाही.

2 मे 1953 ची गोष्ट सांगायलाच हवी. वडील अंथरुणाला खिळले असताना त्यांनी आपल्याकडून एफए कपचं पदक आणण्याचं वचन घेतलं होतं, असं मॅथ्यूज सांगत असे. वडील 1945 मध्ये गेले. त्यानंतर ब्लॅकपूल 1948 ला अंतिम सामन्यात हरलं, 1951 ला हरलं. आता तिसरी खेप, वय अडतीस. वेम्बलीवर समोर बोल्टन, पदर सावरून बसलेली नवी राणी पाहायला आलेली, आणि सामना संपायला वीसेक मिनिटं उरली असताना बोल्टन 3-1 नं पुढं. त्या काळी बदली खेळाडू नसत. बोल्टनचा एक गडी लंगडत होता, आणि मॅथ्यूजच्या समोरच्या लेफ्ट-बॅकच्या, राल्फ बँक्सच्या, पायात गोळे येऊ लागले होते. मग जे व्हायचं ते झालं. चेंडू पुनःपुन्हा उजव्या बगलेत, खांदा पुनःपुन्हा डावीकडे, क्रॉस पुनःपुन्हा गोलसमोर. स्टॅन मॉर्टेन्सननं तीन गोल केले, आणि अगदी अखेरच्या घटकेला मॅथ्यूजच्या पासवर बिल पेरीनं चौथा. 4-3. मॅथ्यूजचा स्वतःचा गोल एकही नाही. तरी लोकांनी त्या सामन्याला नाव दिलं ‘मॅथ्यूज फायनल’. याचा संकोच त्यालाच सर्वांत जास्त वाटायचा. वेम्बलीवर कपच्या अंतिम सामन्यात तीन गोल मारूनही सामना दुसऱ्याच्या नावावर चढलेला पाहणं मॉर्टेन्सननं हसून सोसलं. 1991 साली तो गेला, तेव्हा कुणीतरी म्हणालं म्हणे, की आता या अंत्ययात्रेलाही लोक मॅथ्यूजचंच नाव देतील.

1961 च्या शरदात सेहेचाळिसाव्या वर्षी तो घरी परतला, स्टोकला. आधीच्या घरच्या सामन्याला 8,409 प्रेक्षक होते, त्याच्या पहिल्या सामन्याला 35,974 आले. दीडएक वर्षानं संघ वरच्या विभागात चढला, त्या निर्णायक सामन्यात त्यानं गोलीला वळसा घालून गोल केला. त्या मोसमातला त्याचा तेवढा एकच. वय अठ्ठेचाळीस. गोलीचं वय मी मुद्दामच शोधलं नाही, त्याच्या घरच्यांना वाईट वाटायला नको. एवढ्या वर्षांत रेफ्रीनं त्याला एकदाही ताकीद दिली नाही. घोट्यांवर लाथा खाल्ल्या, पण उलटून मारलं नाही. 1965 मध्ये खेळत असतानाच त्याला ‘सर’ किताब मिळाला. त्या वसंतातल्या निरोपाच्या सामन्याला पुश्काश आणि सोव्हिएत गोली याशिन आले होते, आणि शेवटी त्या दोघांनी त्याला खांद्यावर उचललं. 1953 च्या नोव्हेंबरात ज्या हंगेरीनं इंग्लंडला वेम्बलीवर 6-3 असं झोडपलं, तिचा पुश्काश हा कर्णधार. त्या दिवशी उजव्या बगलेत मॅथ्यूज होता, आणि त्याच्या मागं राइट-बॅक म्हणून आल्फ रॅम्सी. हाच रॅम्सी पुढं इंग्लंडचा व्यवस्थापक झाला आणि 1966 चा विश्वचषक त्यानं कसा जिंकला, तर संघातून विंगर काढून टाकून. ज्याच्या पायाशी चेंडू नेऊन द्यायचा, त्याची जागाच त्यानं कागदावरून पुसली. राग होता का, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, मॅथ्यूजला मागून पाहिलेल्या माणसाला नंतरचे विंगर पटणं अवघडच होतं.

2000 सालच्या फेब्रुवारीत तो गेला. त्याच्या अस्थी स्टोकच्या नव्या मैदानात पुरल्या, अगदी मधल्या वर्तुळाखाली. लोकांची माया खरी, पण जन्मभर काठ धरून राहिलेल्या माणसाला भर चौकात जागा दिली. तिथं त्याला करमणार नाही. निदान चार वावांवर उजवीकडे सरकवायला हवं होतं.

निवृत्तीबद्दल मात्र त्याची एक तक्रार कायम होती: आपण घाई केली, आणखी दोन वर्षं सहज खेळलो असतो. ती खरी करून दाखवायची त्याची धडपड काही थांबली नाही. आफ्रिकेत जाऊन सोवेटोच्या मुलांना शिकवलं, त्यांचा संघ बांधून 1975 मध्ये त्यांना ब्राझीलला घेऊन गेला. आणि 1985 साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पुन्हा ब्राझीलमध्येच, तिथल्या जुन्या खेळाडूंविरुद्धच्या सामन्यात उतरला. गुडघ्यातली कूर्चा फाटली. सगळे काळजीत, आणि हा म्हणे हळहळत होता, की कुठं नाव निघायला लागलं होतं, तेवढ्यात अशी ऐन उमेदीत कारकीर्द संपली.